घरची वीज : तिसरी तार कुठे गेली?

ऊन तापायला लागलं की या सदराची पत्रं बदलतात. हिवाळ्यात गिझर, पावसाळ्यात मोटरचे स्टार्टर, आणि चैत्र लागला की कुलर. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी वर्धा जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या पोरांना शिकवलं, आता निवृत्त आहे. पत्रं सगळी वाचते. उत्तरात राग दिसला तर तो पत्र लिहिणाऱ्यावर नसतो.

*

प्रश्न : मॅडम, आमच्या घरी लोखंडी कुलर हाये. पाणी भरताना हात लागला का झिणझिण्या येतात. गावातल्या वायरमनले बलावलं तं त्यानं पिन काढून उलटी खोचून देली अन् म्हणे, "काकू, आता पाहा, येते का करंट?" खरंच नाही येत. पण घरात लहान लेकरं हायेत, भेव वाटते. पिन उलटी केल्यानं दुरुस्ती होते का?
— एक गृहिणी, समुद्रपूर तालुका

उत्तर : नाही होत, बाई. बिघाड जिथल्या तिथे आहे.

कुलरमध्ये विजेवर चालणाऱ्या वस्तू दोनच. वर पंख्याची मोटर, खाली टाकीतला छोटा पंप. त्यातल्या एकाच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला, ओल लागली किंवा वार्निश जळलं, की तार पत्र्याला टेकते आणि पत्र्यात करंट उतरतो. तुमचा टॉप, म्हणजे प्लग, दोन पिनांचा आहे, नाहीतर तो उलटा खोचताच आला नसता. अशा टॉपमध्ये कोणत्या तारेत फेज (वीज आणणारी) येणार आणि कोणत्या तारेत न्यूट्रल (परत नेणारी), हे पिन कशी खोचली त्यावर ठरतं. वाइंडिंगच्या ज्या टोकाजवळ बिघाड आहे तिथे फेज आली तर झटका बसतो, न्यूट्रल आली तर जवळपास काहीच लागत नाही. वायरमनने टोकांची अदलाबदल केली, बस. उद्या झाडताना कोणी पिन काढेल, परत दुसऱ्या अंगाने खोचेल, आणि करंट हजर. शिवाय अशा अदलाबदलीत कुलरचं स्वतःचं बटन न्यूट्रलवर जाऊ शकतं. मग बटन बंद असलं तरी पंपापर्यंत फेज पोचलेलीच राहते, आणि तुम्ही निर्धास्तपणे टाकीत हात घालता.

आपल्याकडे कुलर कुठे असतो तेही पाहा. खिडकीबाहेर ओट्यावर लोखंडी स्टँड, ताट्यांतून गळून खाली साचलेलं पाणी, आणि घरची बाई अनवाणी, एका हातात नळी, दुसरा हात पत्र्यावर. कोरड्या चपलेत नुसत्या झिणझिण्या देणारा कुलर ओल्या पायांच्या माणसाला धरून ठेवतो. हाताचे स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. वैशाखात आपल्या भागातल्या पेपरात या बातम्या येतात, त्यांत टाकी भरणारा माणूस फार वेळा असतो.

तेव्हा आजपासून पाणी भरायच्या आधी पिन बाहेर काढायची. बटन बंद करणं पुरेसं नाही, पिनच बाहेर. लेकरांनाही हेच शिकवा.

मग वायरमनला बोलावून पंप आणि मोटर वेगवेगळी तपासून घ्या. दोघांपैकी दोषी बहुधा पंपच असतो, कारण तो दिवसभर पाण्यात बसलेला असतो. पंपाच्या वायरचा जोड टाकीच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या. पंप काही महाग वस्तू नाही. त्याच पंपाला टेप गुंडाळून पुन्हा पाण्यात सोडणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजा आणि रवाना करा.

यानंतर तीन तारांची केबल आणि तीन पिनांचा टॉप. त्यातली हिरवी, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थची तार कुलरच्या पत्र्याला, रंग खरवडून, बोल्टखाली कसलेली हवी. रंगावरच बोल्ट कसला तर ती अर्थिंग नाही, दागिना आहे.

आता खरी गोम. बोर्डातल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे काय आहे? जुन्या घरांत पुष्कळदा काहीच नसतं. आणि जिथे असतं तिथे दोन लबाड्या मी पाहिल्या आहेत. पहिली म्हणजे अर्थच्या भोकातून छोटी तार घेऊन ती तिथेच न्यूट्रलला जोडायची. टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटली, की घरातल्या चालू वस्तूंमधून फेज परत फिरून त्याच तारेने कुलर, फ्रिज, मिक्सरच्या धातूवर येते. दुसरी लबाडी म्हणजे घरभराच्या हिरव्या तारा एकमेकींना जोडायच्या, पण जमिनीत पाइपच गाडायचा नाही. मग कुलरमध्ये उतरलेला करंट फ्रिजच्या दांडीवरही मिळतो. तुम्ही कुलरपासून लेकराला दूर ठेवता आणि ते फ्रिज उघडताना चिकटतं. म्हणून वायरमनला एकच विचारा, "हिरवी तार जमिनीत कुठे जाते, ती जागा दाखव." जागा दाखवता आली नाही तर अर्थिंग नाही असं समजा.

शेवटचं, पण कंजूषी न करण्यासारखं. मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. "आमच्याकडे एमसीबी आहे की" असं पुष्कळ जण लिहितात. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच. ती तारांसाठी असते, माणसासाठी नव्हे. १६ अँपिअरची एमसीबी सोळा हजार मिलीअँपिअरच्या वर गेल्याशिवाय पडायचं नाव घेत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याचा बारीकसा अंश पुरतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट सतत ताडून पाहते. मधला कुठे गळला की क्षणात लाइन तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. पडली नाही तर बदलायची. फायबरच्या कुलरवाल्यांनीही हे वाचावं. अंग प्लॅस्टिकचं असलं तरी टाकीतलं पाणी करंट धरतंच.

*

प्रश्न : ताई, घरकुलाचा स्लॅब पडला, प्लॅस्टरच्या आधी वायरिंग करायची आहे. दोघांनी भाव दिले. गावातल्याचा पॉइंटमागे भाव तालुक्याच्या वायरमनपेक्षा जवळजवळ निम्मा आहे. गाववाला ओळखीचा, माझ्या मोटरचं वाइंडिंगही तोच करतो. काम कोणाला द्यावं?
— एक शेतकरी, राळेगाव तालुका

उत्तर : भाऊ, आधी दोघांनाही विचारा की पॉइंट म्हणजे काय काय. एकाच्या पॉइंटमध्ये पाइप, तार, बटन, होल्डर आणि अर्थची तार धरलेली असते, दुसऱ्याच्या पॉइंटमध्ये नुसती मजुरी. भावातला फरक तिथेच उलगडतो. आणि सगळं धरूनही कोणी निम्म्या भावात देत असेल, तर तो नेमकं काय वाचवतो हे मी न पाहता सांगते. बत्तीच्या पॉइंटला तर सोडाच, पॉवरच्या सॉकेटलाही हिरवी तार ओढलेली नसते, आणि अडीच चौरस मिलिमीटरच्या जागी दीडची बारीक तार असते.

दुसरं, परवाना. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र वेगळं आणि राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना वेगळा. परवाना आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? आपण ट्रॅक्टरवाल्याला लायसन विचारतोच. मीटरसाठी लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. ती सही घर न पाहता कुठूनतरी आणून देतो म्हणणारा असेल, तर त्याच्या बाकीच्या कामाचाही अंदाज येतो.

गाववाला वाइंडिंग चांगलं करत असेल. ते वेगळं कसब आहे. पण अर्ध्या रात्री फ्यूज गेला तर तोच धावून येणार, तालुक्याचा नाही, हेही मला कळतं. माझं मत विचाराल तर काम गाववाल्यालाच द्या, पण तुमच्या अटींवर, आणि त्या अटी वहीच्या कागदावर दोघांच्या सहीने लिहून.

तार तुम्ही स्वतः घ्या, आयएसआय मार्काची, तांब्याची, बिलासकट. बत्ती-पंख्याला दीड चौरस मिलिमीटर, पॉवरच्या सॉकेटला अडीच, गिझर किंवा एसी लावायचा विचार असेल तर चार. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी. गुंडाळी उरली म्हणून घरभर लालच ओढून टाकली, तर पुढे दुरुस्तीला येणारा माणूस आंधळ्यासारखा काम करतो आणि त्यात कधीतरी मरतो.

अर्थिंगचा खड्डा स्वतः उभं राहून करून घ्या. आपली काळी जमीन पावसाळ्यात अर्थिंगला फार चांगली. पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि अर्थिंग कागदावरच राहते. नेमका तेव्हाच कुलर चालू असतो! म्हणून अडीच मीटरचा जस्ती पाइप पुरा खाली जाऊ द्या. दगड लागला म्हणून मधेच कापू देऊ नका, जागा बदला. न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं त्या बाजूला खड्डा घेतला तर उत्तम. भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. उन्हाळाभर अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतायचं. हे काम घरात कोणाकडे आहे ते आत्ताच ठरवा, नाहीतर कोणीच करत नाही.

भिंतीत पाइप टाकून झाले की प्लॅस्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना, नळाची लाइन नेताना हे फोटो कामी येतात. तारा ओढून झाल्या की मेगर लावून घ्या. मेगर म्हणजे तारेवरचं आवरण किती पक्कं आहे ते मोजणारं यंत्र. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर काहीतरी सोललेलं किंवा ओलं आहे, ते शोधल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. वायरमनकडे मेगर नसेल तर तालुक्यावरून आणायला लावा. नुसत्या टेस्टरवर घर तपासणाऱ्याचं मला कधीच पटलं नाही.

पैसे तीन टप्प्यांत द्या. शेवटचा टप्पा मीटर लागल्यावर, आरसीसीबीचं बटन तुमच्या हाताने दाबून ती पडलेली पाहिल्यावर. आणि घाई असेल तर लग्नसराईच्या आधी काम उरका. मांडवाची रोषणाई सुरू झाली की आपल्याकडचा वायरमन दिसतो फक्त वरातीच्या जनरेटरजवळ. त्यानंतर पेरणीआधी सगळ्यांच्या मोटरी त्याच्या दारात.

*

प्रश्न : माझा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक आहे. समुद्राजवळ घर घेतलं, वायरिंग होऊन सहा-सात वर्षंच झालीत. पावसात रोज आरसीसीबी पडते. तिथला इलेक्ट्रिशियन म्हणतो, सगळी वायरिंग बदलावी लागेल. आमच्या पुसदच्या घरची वायरिंग वीस वर्षांपासून तशीच चालू आहे. परका माणूस पाहून लुबाडून राहिले का?
— एक आई, पुसद

उत्तर : माझे काही विद्यार्थी कोकणात नोकरीला आहेत. त्यांच्याशी बोलून लिहिते आहे. लुबाडणूक असेलच असं नाही, पण "सगळी" हा शब्द मला खटकला.

तिकडचा त्रास आपल्याला कळत नाही कारण आपली हवा कोरडी. समुद्राच्या वाऱ्यात मीठ असतं. ते लोखंडी मीटरपेटीवर, स्क्रूवर, बटनांच्या पितळेवर बसतं आणि दमट हवेत ओल धरून ठेवतं. तांब्याची टोकं हिरवी पडतात, स्क्रू गंजून ढिले होतात, ढिल्या जोडावर ठिणगी उडते, बोर्ड आतून करपतो. आणि बोर्डाच्या आत मिठाचा ओला थर बसला की त्यावरून थोडा थोडा करंट भिंतीत गळतो. आरसीसीबी पडते ती त्यामुळे. म्हणजे ती आपलं काम करते आहे. मुलाला आधी हे सांगा की कंटाळून कोणालाही ती बायपास करू देऊ नको.

भिंतीतल्या पाइपात असलेली चांगली पीव्हीसीची तार मात्र मिठाने सहसा खराब होत नाही. खराब होतात तिची टोकं. म्हणून इलेक्ट्रिशियनला आधी एकेक सर्किट मेगरने मोजून आकडे लिहून द्यायला सांगा. ज्या सर्किटचा आकडा चांगला, तिथे टोकं कापून नवी करायची, बटनं-सॉकेट बदलायची, तार तीच ठेवायची. ज्याचा आकडा वाईट, तेवढंच सर्किट नव्याने ओढायचं. पहिला संशय घराबाहेरच्या वस्तूंवर घ्या. अंगणातला दिवा, फाटकाची बेल, विहिरीचा पंप, पश्चिमेच्या भिंतीवरचं सॉकेट. मुलगा घरबसल्या एवढं करू शकतो. पडलेल्या वेळी सगळ्या एमसीबी बंद करायच्या, आरसीसीबी चढवायची, मग एकेक एमसीबी वर करायची. जिच्यावर पडेल तिथे आजार. एवढ्याने उलगडलं नाही तर मात्र मेगरवाल्याचंच काम. न्यूट्रलमधली गळती असली तर एमसीबी बंद करूनही ती सापडत नाही.

नवीन सामान घेताना लोखंड टाळायचं. पेट्या प्लॅस्टिकच्या, रबराची कड असलेल्या, आयपी ६५ छापलेल्या, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणाऱ्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. वायर पेटीत खालून शिरली पाहिजे. वरून शिरली तर पाणी तारेवरून ओघळत सरळ आत जातं. जांभ्या दगडात अर्थिंगचा पाइप खोल घालणं कष्टाचं असतं आणि उन्हाळ्यात जांभा कोरडा पडतो. त्यामुळे विहिरीजवळची किंवा माडाच्या आळ्याजवळची ओली जागा शोधावी, आणि जस्ती पाइप किती गंजला ते दर दोन-तीन वर्षांनी पाहावं.

काम पावसाळ्याआधी उरकून घ्यायला सांगा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा खांबच्या खांब आडवे झाले आणि पुष्कळ गावं कित्येक दिवस अंधारात होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी घरच्या दुरुस्तीला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याला घाई असते. मुलाने जनरेटर घेतला तर तो चेंजओव्हर स्विचवरूनच जोडावा, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडला जातो. सॉकेटमध्ये उलटी वायर खोचून घरात वीज सोडली तर ती मीटरमधून बाहेर जाते, आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो.

*

प्रश्न : संध्याकाळी एका खोलीतला बल्ब एकदम लख्ख होतो, शेजाऱ्याकडे त्याच वेळी मंद होतो. टीव्ही जळाला. वायरमन म्हणतो घरात काही बिघाड नाही.
— एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : वायरमन बरोबर सांगतो. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल ढिली झाली किंवा तुटली आहे. तुमची आणि शेजाऱ्याची फेज वेगळी असेल. न्यूट्रल गेली की २३० व्होल्टऐवजी दोन फेजमधला चारशे व्होल्टचा दाब दोन घरांत वाटला जातो, आणि ज्याच्याकडे कमी वस्तू चालू त्याच्या वाट्याला जास्त येतो. असं दिसलं की मेन स्विच खाली करा, शेजाऱ्यालाही ओरडून सांगा, मग १९१२ वर तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. मीटरच्या अलीकडचं काम घरच्या वायरमनचं, पलीकडचं महावितरणचं.

गावात कोणीतरी हिकमती पोट्टा असतोच, जो डिओ, म्हणजे डीपीचा वरचा फ्यूज, पाडून डीपीवर चढतो. लाइनमन उशिरा येतो हे मला मान्य आहे. चंद्रपूर-कोराडीला वीज आपण तयार करायची आणि अंधारात आपणच बसायचं, हा राग मलाही येतो. तरी त्या पोराला चढवू नका. त्याच्या आईला उत्तर कोण देणार?

*

प्रश्न : बटन बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणतो.
— देवळी

उत्तर : बटन फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलं आहे, असं बहुधा निघेल. बल्ब बदलताना होल्डरमध्ये फेज असते, म्हणून मेन बंद केल्याशिवाय हात घालू नका, आणि वायरमनकडून तारा बदलून घ्या. छोटा दिवा असलेलं बटन असेल तर मिणमिणणं त्यामुळेही होतं, त्यात धोका नाही.

*

प्रश्न : शेजारचा शेतकरी रानडुकरांसाठी रात्री कुंपणाला आकडा टाकून डायरेक्ट लाइन सोडतो. समजवायला गेलो तर म्हणतो, डुकरं उभं पीक खातात तेव्हा तू येतोस का? तक्रार केली तर वैर येईल.
— एक शेतकरी, सिंदेवाही तालुका

उत्तर : येऊ द्या वैर.

त्याचं नुकसान खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्या तारेला डुक्कर आणि पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेला माणूस यांत फरक कळत नाही. तुमच्या तालुक्याच्या जंगलात वाघ आहे. तो त्या तारेत सापडला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली जेल आहे, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं, आणि आकड्याची वीजचोरी २००३ च्या वीज कायद्याखाली वेगळीच.

त्याला एकदा शेवटचं, दोन वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन, झटका मशीनचं सांगून पाहा. ते बॅटरी किंवा सोलरवर चालतं. सेकंदा-दीड सेकंदाने एकच, अगदी क्षणभराचा झटका देतं. व्होल्टेज मोठं असलं तरी वेळ इतका कमी की जनावर उडी मारून पळतं, चिकटत नाही. मशीन आयएस ३०२ च्या कुंपणयंत्राच्या भागाप्रमाणे प्रमाणित आहे असं लिहिलेलं आणि पक्क्या बिलाचंच घ्यावं. घरच्या लाइनीला ट्रान्सफॉर्मर जोडून बनवलेलं जुगाडू मशीन फुकट मिळालं तरी नको. झटका मशीनची अर्थिंगही घराच्या अर्थिंगपासून वेगळी, लांब गाडायची. कुंपणावर दर काही अंतराने पाटी लावायची.

ऐकलं नाही तर १९१२ वर आणि वनविभागाच्या वनरक्षकाकडे, दोन्हीकडे कळवा. आणि तोवर आपल्या घरच्यांना, मजुरांना त्या धुऱ्यावरून रात्री जाऊ देऊ नका.